विश्लेषण : वीज गेली, पंप थांबले… तरी अणुभट्टी थंड कशी राहणार?

तमिळनाडूत कल्पाक्कमच्या समुद्रकिनाऱ्यावर ५०० मेगावॉटची ‘प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर’ अणुभट्टी (पीएफबीआर) उभी आहे. तिच्यासाठी सुमारे ३० मीटर उंचीच्या चार चिमण्या बांधल्या आहेत. त्यांतून कधीच धूर निघणार नाही, कारण खाली जळण नाही. एरवी त्यांतून थोडीशी गरम हवा बाहेर पडत राहते, एवढेच. ज्या दिवशी बाहेरची वीज गेलेली असेल, पंप थांबलेले असतील आणि नेहमीचा कोणताच मार्ग उरलेला नसेल, त्या दिवसासाठी या चिमण्या आहेत. द्रवरूप सोडियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्यांच्या सुरक्षेचा सर्वात महत्त्वाचा भाग या साध्या दिसणाऱ्या व्यवस्थेत आहे.

बंद केलेली अणुभट्टी गरम का राहते?

अणुभट्टी ‘बंद’ करणे अवघड नाही. नियंत्रक दांडे गाभ्यात सोडले की काही सेकंदांत साखळी अभिक्रिया थांबते. पण उष्णता थांबत नाही. युरेनियम किंवा प्लुटोनियमचे अणू फुटल्यावर जे तुकडे मागे उरतात, ते स्वतः अस्थिर असतात. त्यांचा किरणोत्सारी क्षय चालूच राहतो आणि त्यातून उष्णता निघत राहते. हिला ‘क्षय-उष्णता’ म्हणतात. गॅस बंद केल्यावर तवा थोडा वेळ तापलेला राहतो, तसे हे नाही. तव्यात फक्त साठलेली उष्णता असते. इथे राखेखाली निखारे धगधगत असतात आणि ते विझवण्याचा उपाय कोणाच्याच हातात नाही. ते आपल्या गतीनेच निवतात.

निखारे किती मोठे? बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा ते सात टक्के असते. तासाभराने ती सव्वा-दीड टक्क्यावर येते, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आकडे छोटे वाटतात. पण पीएफबीआरची उष्णता-क्षमता १२५० मेगावॉट आहे (त्यातून वीज मिळते ५०० मेगावॉट). म्हणजे बंद होताच सुमारे ७५ मेगावॉट, तासाभराने १६ आणि दुसऱ्या दिवशीही सहा मेगावॉटच्या आसपास. घरातला गीझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. त्या हिशेबाने सुरुवातीला साडेसदतीस हजार गीझर एकदम चालू, आणि दुसऱ्या दिवशी तीन हजार. हे सारे काही मीटर रुंदीच्या गाभ्यात. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर इंधनकांड्या वितळू लागतात.

फुकुशिमात नेमके हेच घडले. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. सुमारे पन्नास मिनिटांनी त्सुनामीचे पाणी शिरले, डिझेल जनरेटर बुडाले, समुद्राचे पाणी खेचणारे पंप निकामी झाले. अणुभट्ट्या बंदच होत्या. घात केला तो क्षय-उष्णतेने.

भारताने हा प्रसंग आधीच पाहिला आहे?

त्याची धग भारताला १८ वर्षे आधीच लागली होती, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या संचात टर्बाइनची पाती तुटली. जनरेटरमधला हायड्रोजन पेटला आणि आगीत केबल जळाल्या. मुख्य आणि आपत्कालीन वीजपुरवठ्याच्या केबल पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नसल्याने दोन्ही गेल्या. सुमारे १७ तास केंद्र पूर्ण अंधारात होते. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने कर्मचाऱ्यांना बाहेर पडावे लागले. काही जण बॅटऱ्या घेऊन अणुभट्टीच्या इमारतीवर चढले आणि बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या, म्हणजे साखळी अभिक्रिया पुन्हा सुरू होण्याची शक्यताच उरू नये.

आणि क्षय-उष्णता? गाभ्यातले जड पाणी पंपाशिवायही फिरत राहिले. गरम पाणी वर चढे, वरच्या बाष्पजनित्रांत थंड होई आणि खाली उतरे. बाष्पजनित्रांना बाहेरून थंड ठेवण्यासाठी कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांचे पाणी त्यांत सोडले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. निसर्गनियमाने अर्धे काम केले. उरलेले अर्धे काही हिमतीच्या माणसांनी आणि आग विझवायच्या पंपांनी केले. तो पंपही लागू नये, अशी रचना करता येईल का, हा प्रश्न सोडियमच्या अणुभट्टीत अधिक चांगल्या रीतीने सोडवता येतो.

सोडियमच का?

फास्ट ब्रीडर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा वेग कमी होऊ द्यायचा नसतो. पाणी तो कमी करते, म्हणून पाणी बाद. त्याऐवजी वितळवलेला सोडियम वापरतात. तो ९८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि ८८३ अंशांना उकळतो. पीएफबीआरमध्ये गाभ्यात शिरणारा सोडियम ३९७ अंशांचा आणि वरच्या साठ्यातला ५४७ अंशांचा असणे अपेक्षित आहे. म्हणजे उकळण्याला तीनशेहून अधिक अंशांचे अंतर, तेही कोणताही दाब न देता. पाण्याच्या अणुभट्टीत पाणी उकळू नये म्हणून वातावरणाच्या दीडशे पट दाब द्यावा लागतो. नळी फुटली की पाणी वाफ होऊन क्षणात निघून जाते. सोडियमच्या भांड्यात तसा दाबच नाही.

दुसरी गोष्ट, उष्णता वाहून नेण्यात सोडियम पाण्याच्या सुमारे शंभर पट सरस आहे. आणि तिसरी, जी बहुतेक चर्चेत निसटते : पीएफबीआरचा गाभा, मुख्य पंप आणि उष्णता-विनिमयक हे सारे सुमारे १३ मीटर व्यासाच्या एकाच भांड्यात, अंदाजे ११५० टन सोडियमच्या डोहात बुडालेले आहेत. हा डोह उष्णतेची तिजोरी आहे. साधा हिशेब करून पाहता येतो. एक किलो सोडियमचे तापमान एक अंशाने वाढवायला सव्वा किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. समजा, अणुभट्टी बंद झाली आणि उष्णता बाहेर काढणारे काहीच चालले नाही. तरी पहिल्या तासाभरात सारा डोह ढोबळमानाने ५० अंशांच्या आसपास तापेल. पुढच्या तासांत त्याहून सावकाश. उकळायला अजून बराच अवकाश असतो. हा अवकाश मिनिटांचा नाही, तासांचा आहे; आणि अपघातात मिनिटे आणि तास यांतल्या फरकावरच सारे ठरते.

मुख्य भांडे गळले तर? त्याच्याभोवती दुसरे सुरक्षा-भांडे आहे. गळलेला सोडियम दोन्हींमधल्या फटीत साचतो आणि डोहाची पातळी धोक्याच्या खाली जात नाही.

पंपाशिवाय सोडियम फिरतो कसा?

याचे उत्तर महाराष्ट्रातल्या लाखो गच्च्यांवर आहे. छतावरच्या ‘सोलर’ची टाकी नेहमी काचेच्या नळ्यांच्या किंवा पॅनेलच्या वर बसवलेली असते. उन्हाने तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते, टाकीच्या तळचे थंड पाणी खाली पॅनेलमध्ये उतरते. पंप नाही, वीज नाही. टाकी पॅनेलच्या खाली बसवली तर हे चक्र चालणारच नाही. उष्णतेचे उगमस्थान खाली आणि ती सोडून देण्याची जागा वर, एवढी एकच अट.

पीएफबीआरमध्ये ही अट तीनदा पाळली आहे. पहिले चक्र डोहातच : गाभ्यातला तापलेला सोडियम वर चढतो. वरच्या साठ्यात बुडवलेले चार उष्णता-विनिमयक त्याची उष्णता घेतात आणि थंड झालेला सोडियम खाली बसतो. दुसरे चक्र नळ्यांचे : त्या विनिमयकांच्या आत वेगळा, किरणोत्सारी नसलेला सोडियम असतो. तो तापून इमारतीच्या उंच भागातल्या दुसऱ्या विनिमयकाकडे चढतो. तिथे पंखे लावल्यासारख्या पातळ पट्ट्या असलेल्या नळ्यांमधून तो जातो आणि नळ्यांभोवतीची हवा तापवून परत खाली येतो. तिसरे चक्र हवेचे, आणि तिथे त्या चिमण्या उपयोगी पडतात. तापलेली हवा चिमणीतून वर निसटते, खालून ताजी हवा ओढली जाते. न्हाणीघरातल्या जुन्या तांब्याच्या बंबाचे धुराडे जितके उंच, तितका ओढा जोरात, हे ज्यांनी बंब पेटवला आहे त्यांना सांगायला नको.

अशी चार स्वतंत्र चक्रे आहेत, प्रत्येकाची क्षमता आठ मेगावॉट. चारही मिळून ३२. बंद झाल्याच्या क्षणीच्या ७५ मेगावॉटला ती पुरत नाहीत, पण पुरण्याची गरजही नाही. सुरुवातीचा भार डोह पेलतो. तासाभरात उष्णतेची निर्मिती १६ मेगावॉटपर्यंत उतरलेली असते, आणि चारपैकी एक चक्र नादुरुस्त असले तरी उरलेली तीन २४ मेगावॉट बाहेर टाकू शकतात.

एक बारकावा इथे सांगायला हवा. वीज जाताच मुख्य पंप एकदम थांबले तर नैसर्गिक प्रवाह जोर धरेपर्यंतची मधली वेळ नाजूक असते. म्हणून पंपाला जड चाक जोडलेले असते. वीज गेली तरी ते फिरत राहते आणि प्रवाह हळूहळू ओसरतो. शिवाय गाभ्यातल्या षटकोनी इंधन-नळकांड्यांच्या मधल्या अरुंद फटींतूनही वरचा थंड झालेला सोडियम खाली झिरपतो आणि नळकांड्यांना बाहेरून थंडावा देतो. हा आडवाटेचा प्रवाह संगणकीय गणितात बसवणे कठीण, पण प्रत्यक्षात तो मोठी मदत करतो.

मोठा फायदा आणखी एक आहे. ही उष्णता शेवटी समुद्रात नाही, हवेत जाते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा पीएफबीआरच्या पायाचा खड्डा पाण्याने भरला होता; शेजारच्या मद्रास अणुवीज केंद्रातला चालू असलेला संच सुरक्षितपणे बंद करावा लागला होता. समुद्राच्या पाण्याचा पंप बुडू शकतो. हवा बुडत नाही.

मग ‘पूर्णपणे आपोआप’ म्हणायचे का?

नाही, आणि ‘पॅसिव्ह’ हा शब्द जाहिरातीसारखा वापरला जातो तेव्हा इथेच सावध राहायला हवे. पीएफबीआरच्या चिमणीच्या वाटेवर हवेच्या झडपा आहेत. त्या पुरेशा उघडल्या तरच पूर्ण क्षमतेने उष्णता जाते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९१ मध्ये अशा व्यवस्थांच्या चार पायऱ्या ठरवल्या. ज्यात सुरुवात करायला एखादी झडप उघडावी लागते पण पुढचे काम निसर्गनियमाने होते, ती सगळ्यात खालची पायरी. पीएफबीआरची व्यवस्था तिच्यात बसते. म्हणूनच काही झडपा विजेच्या मोटरवर, काही दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या ठेवल्या आहेत. दोन्ही रुसल्या तर हाताने उघडण्याची सोय आहे. बुडवलेले विनिमयक आणि हवेचे विनिमयक यांचेही दोन-दोन वेगवेगळे नमुने वापरले आहेत, म्हणजे रचनेतला एकच दोष चारही चक्रांना एकदम आडवा येऊ नये. नरोरात एकाच वाटेने नेलेल्या केबलींनी काय केले, ते पाहता हा खर्च वाया गेलेला नाही.

मग झडपा ठेवायच्याच कशाला? कारण उलटा धोका. सोडियम ९८ अंशांच्या खाली गोठतो. झडपा नेहमी सताड उघड्या ठेवल्या तर वरच्या नळ्यांत थंड हवेने सोडियम गोठेल आणि गरजेच्या दिवशी चक्र फिरणारच नाही. शिवाय रोज वीज बनवण्यासाठीची उष्णता चिमणीतून वाया जाईल. त्या पूर्ण बंद ठेवल्या तर नळीत प्रवाहच राहणार नाही आणि तोही गोठण्याचा धोका. म्हणून मधला मार्ग : झडपा किंचित उघड्या ठेवायच्या. सोडियम हळूहळू फिरता राहतो, नळ्या उबदार राहतात. गोठण्याची ही भीती पुस्तकी नाही. सोव्हिएत नौदलाच्या ‘अल्फा’ वर्गातील पाणबुड्यांत शिसे-बिस्मथचे मिश्रण शीतक होते आणि ते १२५ अंशांच्या आसपास गोठे. बंदरात उभ्या असतानाही ते बाहेरून तापवत ठेवावे लागे. काही अणुभट्ट्यांत ते गोठलेच आणि त्या कामातून गेल्या. निव्वळ शिसे तर ३२७ अंशांना गोठते. रशियात सेवेर्स्क येथे शिशावर चालणारी ३०० मेगावॉटची ‘ब्रेस्ट’ अणुभट्टी बांधली जात आहे, तिथे हा प्रश्न आणखी मोठा आहे.

झडपच नको, असाही एक मार्ग आहे. अमेरिकेत ‘प्रिझम’ या आराखड्यात आणि त्याच वळणाने जाणाऱ्या, वायोमिंग राज्यातील ३४५ मेगावॉटच्या ‘नॅट्रियम’ प्रकल्पात अणुभट्टीच्या भांड्याभोवतीच हवा वाहत ठेवायची कल्पना आहे. ती वाट चोवीस तास उघडी. भांडे तापले की हवा आपसूक जास्त उष्णता नेते. माणसाने, यंत्राने काहीच करायचे नाही. ही खरोखर वरच्या पायरीची व्यवस्था. मग सगळेच ती का वापरत नाहीत? कपातला चहा लवकर निवतो, पातेल्यातला उशिरा, हे त्याचे कारण. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आतला माल आठ पट होतो, पण उष्णता सोडणारा पृष्ठभाग फक्त चौपट. अणुभट्टी जितकी मोठी, तितके नुसत्या भांड्याच्या पृष्ठभागावर भागवणे कठीण. १२५० मेगावॉट उष्णतेच्या पीएफबीआरमध्ये म्हणूनच उष्णता नळ्यांनी बाहेर आणावी लागते.

सोडियमचे दुखणे कोणते?

सोडियम हवेत पेटतो आणि पाण्याशी त्याची जोरदार अभिक्रिया होते. जपानच्या मोन्जू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी दुय्यम चक्रातल्या नळीत बसवलेली तापमापकाची खोबण तुटली, सोडियम गळला आणि आग लागली. किरणोत्सार झाला नाही. पण गळतीच्या चित्रफितीतला भाग व्यवस्थापनाने दडवल्याचे उघड झाले आणि लोकांचा विश्वास उडाला. ती अणुभट्टी पुढे जवळपास चाललीच नाही. २०१६ मध्ये ती मोडीत काढण्याचा निर्णय झाला. एका बोटाएवढ्या खोबणीने अब्जावधी येनचा प्रकल्प बसवला.

याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. आपत्कालीन चक्राच्या वरच्या टोकाला पातळ नळ्यांत तापलेला सोडियम आणि बाहेरून वाहती हवा, अशीच जोडी आहे. म्हणजे अणुभट्टीला वाचवणाऱ्या यंत्रणेतच आगीचे बीज आहे. त्यासाठी गळती ओळखणारी साधने आणि सोडियम खालच्या टाकीत उतरवून घेण्याची सोय ठेवावी लागते. सोडियम अपारदर्शक असल्याने आत डोकावून तपासणीही करता येत नाही. सोडियमच्या सुरक्षेचे गोडवे गाणारे लेख हा भाग सहसा एका वाक्यात उरकतात.

हे प्रत्यक्षात तपासले गेले आहे का?

सर्वात धाडसी चाचणी अमेरिकेतील आयडाहो येथे झाली. ‘ईबीआर-२’ ही ६२.५ मेगावॉट उष्णतेची सोडियम अणुभट्टी. ३ एप्रिल १९८६ रोजी ती पूर्ण क्षमतेने चालू असताना शास्त्रज्ञांनी तिचे पंप बंद केले, आणि अणुभट्टी आपोआप बंद करणारी यंत्रणाही मुद्दाम निष्क्रिय ठेवली. तापमान झपाट्याने चढले. त्याबरोबर इंधन आणि सोडियम प्रसरण पावले, गाभ्यातून अधिक न्यूट्रॉन निसटू लागले आणि शक्ती स्वतःहून उतरली. मागून नैसर्गिक प्रवाहाने उष्णता काढून घेतली. त्याच दुपारी दुसरी चाचणी : डोहातून उष्णता बाहेर नेणारी वाटच रोखली. पुन्हा तेच. गाभ्याला इजा झाली नाही. त्यानंतर अवघ्या २३ दिवसांनी चेर्नोबिल घडले, आणि आयडाहोची बातमी त्या धुरळ्यात हरवून गेली.

मात्र ‘ईबीआर-२’चे यश जसेच्या तसे कल्पाक्कमच्या नावावर लिहिता येत नाही. ती पीएफबीआरच्या विसाव्या हिश्शाएवढी होती आणि तिचे इंधन धातूचे होते. पीएफबीआरमध्ये युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडचे इंधन आहे. ते आतून जास्त तापते, त्यामुळे शक्ती आपोआप उतरण्याचे गणित वेगळे पडते. म्हणून पीएफबीआरमध्ये बंद करण्यासाठी नियंत्रक दांड्यांचे दोन स्वतंत्र संच आहेत, एक नऊ दांड्यांचा आणि दुसरा तीन दांड्यांचा. बंद झाल्यानंतरच्या उष्णतेबाबत मात्र दोन्ही अणुभट्ट्यांचे तत्त्व एकच. ‘ईबीआर-२’मध्येही द्रव धातूची चक्रे हवेत उष्णता सोडत होती. फ्रान्सने २००९ मध्ये ‘फीनिक्स’ ही अणुभट्टी कायमची बंद करताना अखेरच्या चाचण्यांत पंप थांबवून नैसर्गिक प्रवाह मोजून घेतला. मरणाऱ्या अणुभट्टीकडून अशी माहिती मिळवून घेणे, हा शहाणपणा म्हणायला हवा.

तारापूरच्या अणुभट्ट्या पाण्यावर किंवा जड पाण्यावर चालणाऱ्या आहेत, जैतापूरसाठी प्रस्तावित असलेल्याही पाण्याच्याच. त्यामुळे सोडियमची ही चर्चा महाराष्ट्राच्या किनाऱ्याला थेट लागू नाही. कल्पाक्कमला मात्र याच धर्तीच्या आणखी दोन अणुभट्ट्यांची योजना आहे. पीएफबीआरचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि गाभा भरण्याचा प्रारंभ मार्च २०२४ मध्ये झाला. या लांबलेल्या वर्षांत कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने ‘साधना’ नावाचे प्रायोगिक चक्र उभारून खऱ्या सोडियमवर नैसर्गिक प्रवाह मोजला. त्याची क्षमता ३५५ किलोवॉट. प्रत्यक्ष चक्र आठ मेगावॉटचे आहे, म्हणजे बावीस पटींहून अधिक. नैसर्गिक प्रवाहाला रेटणारा जोर पंपाच्या तुलनेत क्षीण असतो. नळीचे एखादे जास्तीचे वळण, अडकलेली हवा किंवा चिमणीच्या तोंडावरचा उलटा वारा त्यात फरक पाडू शकतो. ‘साधना’ने गणिते पडताळून दिली. चारही चिमण्यांखालचा खरा प्रवाह मात्र अणुभट्टीतच मोजावा लागतो : पंप थांबवून, झडपा उघडून आणि तापमानाच्या काट्याकडे पाहत थांबून.